भवानी कुणाची राहिली?

उंदीर आणि किस्से पेठेत कोणी पाळत नाही, तरी दोन्ही वाढतात! उंदरांच्या मागे निदान मांजर असतं, किस्स्यांच्या मागे तेही नाही. हैदराबादेत कॉलेज संपवून मी गावी परतलो, ते समाज सुधारायचाच असं ठरवून. समाज होता तिथेच राहिला, माझ्याकडे किस्से तेवढे जमले. आज नोकरीपायी पुन्हा हैदराबादेत आहे. इथल्या बाजारात सगळं मिळतं, फक्त ती पेठ मिळत नाही.

गाव तेव्हा वाढत्या पोरासारखं होतं, रोज काहीतरी अंगाला आखूड व्हायचं. बीडच्या रस्त्याला कापसाची जिन आली, पोस्ट आलं. मारुतीला सभामंडप झाला, मशिदीला नवा मिनार. ओढ्यापलीकडे मिशनचं पत्र्याचं चर्चही उभं राहिलं.

पेठेचा कायदा मात्र जुनाच होता. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. आपली भवानी झाली की पुढचं गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे पाठवायचं. त्याची झाल्याशिवाय आपण दुसऱ्यांदा मापाच्या गजाला हात लावायचा नाही. गणपतशेट कापडवाले हा कायदा देवासारखा पाळत. संकष्टीला लिंबागणेशच्या गणपतीला चालत जाणारा माणूस! दुसरं गिऱ्हाईक आलं की ते गादीवरूनच ओरडत, "भवानी कुणाची राहिली रे?"

एकदा तहसिलीतला कारकून घाईघाईने धोतर घ्यायला आला. समोरच्या करीमचाचांची भवानी राहिली होती. चाचा अत्तर आणि सुरमा विकत.

"आधी चाचाकडून सुरमा घ्या," शेट म्हणाले.

"माझे डोळे चांगले आहेत!"

"वाईट कोण म्हणतंय? घाला, मग धोतर फाडतो."

चाचांचा सुरमा लई जहाल. कारकून पांढरं कोरं कापड बगलेत मारून, डोळे पुसत पुसत कचेरीत पोचला. त्याला तसा पाहून तहसीलदारसाहेबांनी एक शब्द न विचारता रजा मंजूर केली!

*

मिशनचा पाद्री गोरा, उंच आणि फार सरळ. मराठी पुस्तकातून शिकलेला. भाजीवाली सांगेल तो भाव तो मुकाट्याने देई. एके दिवशी तिने मेथीची जुडीच परत ओढली.

"भाव कावून करत न्हाईस रं साहेबा? मी काय चोर हाय?"

"बाई, आपण सांगितलेले मूल्य मला मान्य आहे."

"मला न्हाई ना मान्य!"

शेवटी पाद्रीसाहेबांना घासाघीस शिकवायला पेठ जमली. महिनाभरात ते असे तयार झाले की भाजीवाली म्हणाली, "ह्याला कुणी शिकवलं गं बाई!"

रविवारी चर्चची घंटा वाजली की गणपतशेटना चेव येई. एकदा त्यांनी पाद्रीला भर रस्त्यात विचारलं, "साहेब, तुमचा देव आठवड्यातून एकदाच उठतो व्हय?"

पाद्री शांतपणे म्हणाला, "देव रोज उठतो, शेट. माणसे एकदाच उठतात."

शेट दिवसभर हसत होते. "पेठंत बसला असता तर लई चालला असता!"

*

योहान हा मिशनचाच. जन्म गावकुसाबाहेरचा. नगरला मिशनमध्ये शिवणकाम शिकला आणि मिशनची शिलाई मशीन बैलगाडीत घालून आमच्याकडे निघाला. निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर कारकुनाने गाडी अडवली. असला माल त्याने जन्मात पाहिला नव्हता.

"ह्याचं काय करतात बे?"

योहानने मशीन मांडली, पाय मारले, चाक फिरलं.

कारकून खूश झाला. "पाय मारायचे, चाक फिरतं. सायकल हाय!" आणि सायकलीचा कर लावून मोकळा झाला!

हे योहान स्वतःच हसत हसत सांगे. पुढे मात्र त्याचं हसू आटलं. त्याने पेठेच्या टोकाला दुकान मांडलं, पण कोणी पायरी चढेना. शेटचा आवाज इतरांसाठी रोज घुमे, योहानसाठी कधी नाही. विचारलं तर म्हणत, "तो पेठंतला कुठंय?" पाद्रीही हतबल होता. नाताळापर्यंत काम मिळालं नाही तर मशीन नगरला परत, आणि योहान पुन्हा दुसऱ्याच्या शेतात मजुरीला.

माझं रक्त उसळलं. गणपतशेटच्या ओट्यावर उभा राहून समतेवर लेक्चर ठोकलं. सगळी पेठ जमली. भाषण संपल्यावर शेट म्हणाले, "लई ग्वाड बोलता. घसा सुकला असंल. पाणी घ्या."

मग मी माझा हैदराबादी कोट घेऊन योहानकडेच गेलो.

"कोटाला काय झालंय, बाबूजी?"

"काही नाही. पण तुझा हक्क आहे की नाही..."

त्याने कोट नीट घडी घालून परत दिला. "तुमी मला माणूस कराया येता. मी हाय माणूस. मला गिऱ्हाईक पायजे."

इतका राग मला निजामाचाही आला नव्हता!

*

नाताळ तोंडावर आला. बाजाराचा दिवस होता. योहानच्या दारात नगरची गाडी जुंपून उभी होती, मशीन ओट्यावर काढलेली. ती गुंडाळायला मांजरपाट हवा म्हणून योहान आयुष्यात पहिल्यांदा गणपतशेटच्या दुकानासमोर येऊन उभा राहिला. खाली, रस्त्यावरच.

"दोन वार द्या, शेट."

शेटनी ठाण ओढलं, गज उचलला आणि सवयीने ओरडले, "भवानी कुणाची राहिली रे?"

बाजाराचा दिवस, सगळ्यांचीच झालेली. शेट गज लावणार, इतक्यात समोरून करीमचाचा हळूच म्हणाले, "एक दुकान बाकी है, शेट."

"कुणाचं?"

चाचांनी नुसती हनुवटी हलवली. पेठेच्या टोकाकडे.

शेटचा गज तसाच हातात राहिला. माझ्या तोंडात अख्खं भाषण आलं होतं. मी ओठ उघडले, तोच चाचा म्हणाले, "चुप बैठ बे, कालेज!"

शेटनी योहानकडे पाहिलं. मग गाडीकडे. मग हातातल्या ठाणाकडे. ठाण गुंडाळून फळीवर ठेवलं आणि ते गादीवरून उतरले. अनवाणीच. रस्त्याच्या मधोमध थांबले, डाव्या हाताने अंगरख्याची उजवी बाही धरली आणि टर्रकन उसवली.

योहानच्या पायऱ्या चढून त्यांनी अंगरखा काढला आणि मशीनवर टाकला.

"बाही उसवलीय. टाइम किती लागंल?"

योहानने सदऱ्याच्या टोकाने ओटा पुसला. "बसा, शेट."

उघड्या अंगाने, थंडीत, गणपतशेट मांडी घालून बसले. मशीन खडखडू लागली. गाडीवानाने बैल सोडले.

समोरून करीमचाचा ओरडले, "शेट, दुसरी बाही तो साबूत है!"

शेटनी मान वळवली नाही.

"ती उद्याची!"