साहेबाच्या बटाट्याला फोडणी

“माझ्या बटाट्यावर हे काळं काळं कोणी ओतलं?”

जपानात टोकियोजवळच्या इचिकावातल्या आमच्या स्वयंपाकघरात शेजारचा इंग्रज असा गरजला, की नारिताला उतरणारी विमानं दोन घिरट्या जास्त मारून उतरली असतील.

या गृहस्थाचं नाव आम्ही पहिल्या दिवशी विचारलं नाही आणि नंतर विचारायची लाज वाटली. त्याच्याकडे ओव्हन नाही. आमच्याकडे नानकटाईसाठी घेतलेला, हत्ती मावेल एवढा. म्हणून तो रोज संध्याकाळी दारात बूट सरळ लावून, कमरेत वाकून, कॉटेज पायचं भांडं घेऊन येई. खाली खिमा, वर कुस्करलेला बटाटा. त्यावर काट्याने अशा रेघा ओढी, जणू शेत नांगरतोय. पण रंग? आजाऱ्याच्या जिभेसारखा!

त्या दिवशी त्याची जपानी सासू जेवायला यायची होती. दर वेळी ती दोन घास खाऊन “पोट भरलं” म्हणते आणि पुढची ट्रेन पकडते, हे त्यानेच रडवेल्या तोंडाने सांगितलेलं. मला राहवलं नाही. त्याची पाठ वळताच मी मोहरी-हिंग-लाल मिरचीची चरचरीत फोडणी वर ओतली.

“अहो, त्याचा संसार मोडाल!” बायको करवादली. तो मात्र भांडं उचलून अंत्ययात्रेला निघाल्यासारखा गेला.

सकाळी कचऱ्यापाशी बाटल्या वेगळ्या करताना भेटला. मी भीत भीत विचारलं, “सासूबाई जेवल्या?”

“तीनदा वाढून घेतलं,” बाटलीचं झाकण काढत तो म्हणाला. “आता आठवडाभर राहतायत.”