तुरीत बसून ऐकणारा

नलूबाई तोंडाची खमकी, असं गावात कोणीही सांगेल. खरं तर ती पक्की भित्री होती. भीतीनं माणसांची दातखीळ बसते, हिची जीभ सुटायची. लहानपणी माहेरच्या विहिरीत डोकावताना ती मोठमोठ्यानं पाढे म्हणायची. लग्न होऊन आली तेव्हा सासूच्या भीतीनं इतकी बोलली की चौथ्या दिवशी सासूनंच हात जोडले. यवतमाळच्या दवाखान्यात पहिल्यांदा लिफ्टमध्ये चढली, तर तीन मजले येईपर्यंत लिफ्टवाल्याला तिच्या म्हशीचं सगळं दुखणं पाठ झालं. नवरा उकंडा आणि मुलगा रवी राजूरला कोळशाच्या कामावर. त्यांचा फोन भरदुपारी आला की ती पलीकडच्याला बोलूच द्यायची नाही, न जाणो काय सांगेल! आणि लोक म्हणायचे, बाई काय धीट आहे. लोकांना काय, आवाज मोठा असला की पुरे.

गाव मारेगावपासून बरंच आत, जंगलाला खेटून. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या शिवारात वाघानं एका गुराख्याला मारलं. तेव्हापासून नाल्याकडच्या वावरात बाया एकट्यादुकट्या जात नाहीत. वनखात्याचे लोक सांगून गेले होते की घोळक्यानं जा, आवाज करत राहा, दिवसाउजेडी परत या. सांगणं सोपं असतं. थाळी वाजवावी तर कापूस वेचायला तिसरा हात कुठून आणायचा? मोबाइलवर गाणी लावून पाहिली, तर दुपारच्या भाकरीआधीच बॅटरी आडवी व्हायची. मग एक दिवस नाल्याजवळ नलूबाईला भयंकर भीती वाटली, जीभ सुटली आणि तिनं आदल्या दिवशी टीव्हीवर पाहिलेली मालिका पहिल्यापासून सांगायला घेतली.

बायांनी कान टवकारले. सासूचा आवाज नाकातून, सुनेचा रडका, वकिलाचा तोंडात पान असल्यासारखा. मालिकेत जिथं जाहिराती यायच्या तिथं नलूबाई पाणी प्यायची, आणि बाया ओरडायच्या, "लवकर पी वं!" टीव्हीवर अर्ध्या तासात संपायचं ते ती दिवसभर पुरवायची. कमी पडलं तर पदरचं घालायची, आणि तेच जास्त रंगायचं. शेवटी टोळीनं ठरवूनच टाकलं की नलूबाईनं बोलत राहायचं, तिचं वेचणं कमी पडेल तेवढं बाकीच्या दहा जणी भरून देतील. वाघ काही आला नाही. मग सगळ्यांची खात्रीच पटली की वाघाला मालिका सोसत नाही.

मालिकेतल्या सुनेवर मात्र टोळीचा राग होता. एक गुपित पोटात धरून ती सात महिने नुसती डोळे पुसत होती. टोळीत वयानं मोठी मैनाबाई. ती ओटीत कापूस कोंबता कोंबता चिडायची. "एवढं मोठं तोंड देल्लं देवानं, तं सांगून काहून देत नाही हे? सांगतलं असतं तं येका दिवसात मिटलं असतं."

"मंग मालिका कशी चालंल, मैनाबाई?" नलूबाई म्हणायची, आणि सगळ्या हसायच्या.

कार्तिकातला मंगळवार होता. टोळी किसनरावांच्या वावरात वेचत होती. त्या वावराला एका अंगाला गावाकडून येणारी पांदणवाट आहे, दुसऱ्या अंगाला तूर आणि तुरीमागं नाला. तूर माणसाच्या डोक्यावर गेलेली, पिवळ्या फुलोऱ्यावर. नलूबाई तुरीकडच्या ओळीत होती. सासू सुनेला घराबाहेर काढते, त्या प्रसंगाला ती आली होती आणि सासूच्या आवाजात ओरडत होती, "चालती हो! पुन्हा तोंड दाखवू नकोस!" ओरडता ओरडता तिनं तुरीकडं पाहिलं.

दहा-बारा पावलांवर वाघ बसला होता.

पळत नव्हता, गुरगुरत नव्हता. पुढचे पाय पसरून, कान तिच्याकडं करून, गोठ्यातली गाय बसते तसा निवांत बसला होता. नलूबाई जागीच थबकली. पण तोंड थांबलं नाही. थांबलं तर काय होईल, याची भीती वाघापेक्षा मोठी होती. तिनं सासूचं बोलणं चालू ठेवलं, मग सुनेचं रडणं, आणि एक एक पाऊल मागं सरकत राहिली. वाघानं जांभई दिली. पुढच्या पायांवर हनुवटी टेकवली. तो ऐकत होता, आणि हे ऐकणं आजचं पहिलंच नसावं, असं त्याच्याकडं पाहून तिला वाटलं.

ती बायांच्यात आली. "काय वं, आज रडता रडता खरंच पाणी काढलं डोयातून!" मैनाबाई म्हणाली. सगळ्या हसल्या.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नलूबाईलाही ते कळत होतं. पण आता सांगितलं तर सगळ्या वाट फुटेल तिकडं पळतील आणि पळणाऱ्यावर तो धावेल, असं तिनं मनाला समजावलं. घरी गेल्यावर सांगू म्हणाली. घरी गेल्यावर वाटलं, टोळीच घरी बसेल, सगळ्यांची मजुरी बुडेल. आणि खरं कारण त्याच्याही खाली होतं. आवाजानं वाघ पळत नाही हे कळलं की नलूबाईच्या बोलण्याला विचारतो कोण? आयुष्यभर तोंड चालवून तिनं भीती लपवली होती. तोंडावरचा विश्वास गेला तर तिच्याकडं नुसती भीतीच उरणार होती.

बुधवारी तिनं जे केलं ते सांगायला मलाही बरं वाटत नाही. ती मैनाबाईच्या लेकीला, दिपालीला म्हणाली, "माही दाढ ठणकून राह्यली. तिकडून वारा लागते. तू घे वं माही ओळ, मी पांदणीकडून घेतो." दिपाली एकोणीस वर्षांची, गुणाची पोर. "घ्या नं मावशी," म्हणाली आणि तुरीच्या कडेला जाऊन वाकली.

त्या दिवशी नलूबाई पांदणीकडून अशी ओरडत होती की शेजारच्या वावरातली माणसं उभी राहून ऐकत होती. डोळे दिपालीच्या पाठीवर. दिपाली वाकली की हिचा श्वास अडकायचा, दिपाली उभी राहिली की सुटायचा. ओरडून उपयोग नाही हे या टोळीत तिला एकटीलाच माहीत होतं, आणि तीच सगळ्यांत जास्त ओरडत होती. बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवार गेला. सासूचा तोच प्रसंग ती रोज पहिल्यापासून लांबवत होती. अन्न गोड लागेना. बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावताना ती वर पाहायची नाही. सून प्रियंका म्हणाली, "आई, दाढ दाखवून या वणीले." शुक्रवारी चार वाजता भर प्रसंगात नलूबाईचा घसा बसला. तोंडातून नुसती हवा निघू लागली.

शनिवारी तिला पहाटे कधीतरी झोप लागली. जाग आली तेव्हा उन्हं अंगणात होती आणि घरात कोणी नव्हतं. उशाशी मोबाइल होता. त्यात प्रियंकानं आवाजात ठेवलेला निरोप होता. "आई, झोपून राहा तुम्ही. तुमच्या बदली मी जातो वेचाले. गुरुवारी मी भाकर घेऊन आलती नं, तवा तुमचं सगळं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं. डबा नेतो संग. तुरीकडच्या बाभळीले टांगून देतो, तिकडूनच तं भेव असते. मी अन दिपाली तिकडं बसतो. तुम्ही घसा शेका."

डबा म्हणजे तिचा छोटा स्पीकर, रील करताना गाणी लावायचा.

नलूबाईनं फोन लावला. नाल्याकडं रेंज नसते, हे माहीत असून चारदा लावला. मग तशीच रस्त्यावर आली. गावात म्हातारी माणसं तेवढी होती, बाकी सगळे वावरात. किराणा दुकानात लालसिंग होता. त्याच्या टीव्हीच्या आवाजात तिची कुजबुज ऐकू जाईना, म्हणून तिनं त्याच्यापुढं दोन्ही हातांचे पंजे केले, नाल्याकडं बोट दाखवलं, गळ्यावर हात ठेवला. "घसा बसला नं?" लालसिंग हळहळला आणि त्यानं ज्येष्ठमधाचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. "पैशे नको देऊ." तिला रडू आलं. ती तुकडा कमरेला खोचून निघाली.

पांदण दोन किलोमीटरची. या वाटेनं ती जन्मात एकटी गेली नव्हती, आणि गप्प तर नाहीच नाही. तिनं पाढे म्हणून पाहिले. बे एक बे, बे दुणे चार. ओठ हलले, आवाज नाही. दोन्ही बाजूंची कापसाची पऱ्हाटी, तिच्यामागं झुडपं, प्रत्येक झुडपामागं तो. परत फिरावं असं तिला तीनदा वाटलं आणि एकदा ती फिरलीसुद्धा, दहा पावलं. मग दिपालीची वाकलेली पाठ आठवली. तिच्या शेजारी आता प्रियंका असणार होती.

बोलणं बंद असल्यानं तिला ऐकू मात्र येत होतं. स्वतःच्या चपला ऐकू येत होत्या, होले घुमत होते ते ऐकू येत होतं. अर्ध्या वाटेवर तिला नाल्यापलीकडच्या सागावरून वानरं खेकसताना ऐकू आली. थांबून थांबून, एकाच जागेवरून. वानरं उगीच खेकसत नाहीत, हे जंगलाकडेच्या लेकरालाही कळतं. नलूबाई पळू लागली.

वावराच्या तोंडाशी आली तर आतून तिचाच आवाज येत होता. "चालती हो! पुन्हा तोंड दाखवू नकोस!" डबा जोरात होता. बाया हसत होत्या, वेचत होत्या. वानरांचं खेकसणं इथं कोणाला ऐकू येणार? तुरीच्या कडेला बाभळीखाली प्रियंका मोबाइल धरून उभी होती, पाठीमागं पिवळी तूर दिसावी म्हणून तुरीकडं पाठ करून. चार हातांवर दिपाली वाकलेली.

नलूबाईनं हाक मारली. हवा निघाली. मग ती पऱ्हाटीतून आडवी सुटली. बोंडांच्या टोकांनी पिंढऱ्या ओरबाडल्या, पदर अडकून फाटला. बाया उठून पाहू लागल्या. ती बाभळीशी पोचली, डब्याला हात घातला आणि बंद केला.

एकदम सगळं गप्प झालं.

"काय झालं वं, नलू?" मैनाबाई म्हणाली आणि तिथंच थांबली. आता वानरं सगळ्यांना ऐकू आली. आणि मग तुरीचे शेंडे हलले. वारा नव्हता. एक ओळच हलली, इथून तिथं, आणि थांबली.

नलूबाईनं एका हातात प्रियंकाचा दंड धरला, दुसऱ्या हातात दिपालीचा. "आहे," ती कुजबुजली. "म्या मंगळवारी पाह्यला. आवाजानं पळत नाही तो. ऐकत बसते."

"कोणी पळाचं नाही," मैनाबाई दबक्या आवाजात म्हणाली. "मधात पोरी घ्या. येकमेकीचा पदर धरा. तोंड तुरीकडंच." बारा बाया एकमेकींचे पदर धरून, तुरीकडं तोंड करून, एक एक पाऊल मागं सरकत पांदणीला लागल्या. कोणी एक शब्द बोललं नाही. नलूबाईच्या फाटक्या पदराचं टोक मैनाबाईच्या मुठीत होतं. गावच्या पारावर येईपर्यंत तिनं ते घट्ट धरलं होतं, आणि पारावर बसल्यावरही सोडलं नाही. त्या मुठीच्या आधारानं नलूबाईचा श्वास हळूहळू जाग्यावर आला. आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटत असताना तिला बोलावंसं वाटत नव्हतं.

फोन गेले, वनखात्याची गाडी आली. माणसं फटाके आणि काठ्या घेऊन वावरात गेली आणि दोन तासांनी परतली. त्यांच्यातला एक म्हणाला, "नाल्याकडं उतरून गेला. पण तुरीत बसायची जागा आहे त्याची. गवत पार दबलं आहे. चार-पाच दिवस रोज येऊन बसत असावा. कापसाच्या पहिल्या ओळीपासून मोजून बारा पावलं."

बायांच्यातून उसासा निघाला. प्रियंका सासूला बिलगली. मैनाबाई मात्र काहीतरी आठवत बसली होती.

"नलू," ती सावकाश म्हणाली. "तू मंगळवारी पाह्यला म्हणतं."

नलूबाईनं मान हलवली.

"बुधवारी तुही दाढ दुखली."

नलूबाईनं खाली पाहिलं. कमरेला हात गेला, तर लालसिंगचा ज्येष्ठमधाचा तुकडा घामानं भिजून तसाच होता.

"बुधवारपासून त्या ओळीत माही दिपाली होती."

"भेव वाटलं मले, बाई," नलूबाई म्हणाली. फुटक्या घशातून कसंबसं निघालं, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

मैनाबाईनं पदराचं टोक सोडलं. दिपालीचा हात धरला, उठली आणि घराकडं चालू लागली.