फरशी नसलेलं पाणी

आमच्या टँकवर तिला सगळे बांबूबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं आणि मनातून आवडायचंही. एकोणतीस वर्षं तिने पोरांना पोहायला शिकवलं ते एका बांबूच्या जोरावर. काठावरून चालता चालता ती बांबूचं टोक पाण्यातल्या पोराच्या नाकासमोर धरायची. पोराने धडपडत हात लांब केला की बांबू वीतभर मागे. पुन्हा धडपड, पुन्हा वीतभर मागे. असं करत टँकची लांबी संपायची आणि पोराला कळायचं की आपण पोहलो. जी पोरं शिडी सोडायचीच नाहीत त्यांच्यासाठी वेगळा उपाय होता. ती खाली वाकायची, त्यांची बोटं एकेक करून सोडवायची आणि खोल पाण्यात ढकलायची.

हे सगळं मी बायकांच्या बॅचमधून बघितलेलं आहे. माझं मेडिकलचं दुकान आहे. दुपारी दुकान बंद ठेवते तेव्हा मी पोहायला जायचे, बरोबर पोस्टातली. ती रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी आम्ही तिला पोस्टातलीच म्हणतो. आम्हा दोघींना चाळिशीत पोहायला शिकवलं ते बांबूबाईनेच, आणि आम्हाला काही वेगळा न्याय लावला नव्हता. तरी मैत्री झाली. ती नकला करायला लागली की हसून हसून पोट दुखायचं. फक्त त्या दिवशी नक्कल दुसऱ्या कुणाची तरी असायला हवी.

तिला एक धाकटी जाऊ होती. एकाच घराचे दोन भाग, मधे स्वयंपाकघराची भिंत. जाऊ शाळेच्या ग्रंथालयात कामाला होती. दिवसभर पुस्तकांना कव्हरं घालायची, फाटलेली पानं चिकटवायची आणि घरीही तशीच, आवाज न करता वावरायची. बांबूबाईला ती ‘वहिनी’ म्हणायची, ‘तुम्ही’ म्हणायची. लग्न होऊन आली त्या दिवसापासून सव्वीस वर्षं.

जावेची मुलगी सात वर्षांची असताना बांबूबाई तिला टँकवर घेऊन आली. आमची बॅच नुकतीच संपली होती, मी बाकावर केस पुसत बसले होते. आईबापांना आत यायची परवानगी नव्हती, म्हणून जाऊ जाळीच्या बाहेर उभी होती. पोरगी शिडीला अशी चिकटली की तिची बोटं पांढरी पडली. बांबूबाईने ती सोडवली आणि ढकललं. पोरगी बुडाली, वर आली, बांबू मागे गेला, पुन्हा बुडाली. बाहेर काढल्यावर तिने काठावर ओकारी केली. बांबूबाईने तिच्या हातात बादली दिली. म्हणाली, "घाण कोणी केली? मग पुसणार कोण?" सगळी बॅच उभी राहून बघत होती. पोरीने फरशी पुसली. जाऊ जाळीला दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि एक शब्द बोलली नाही. पुढेही नाही. मुलगी परत टँकवर आली नाही, आणि बांबूबाई सगळ्यांना सांगत राहिली की आमच्या धाकट्या पातीने पोर नाजूक करून ठेवली.

याला सतरा वर्षं झाली. मुलगी शिकून दुसऱ्या शहरात नोकरीला लागली.

ट्रिपची कल्पना माझी. सात दिवसांचं पॅकेज होतं, विषुववृत्ताजवळचं एक बेट. जंगलातली चढण, झिपलाइन, गुहा, समुद्रात कयाक. आम्ही तिघी होतो आणि खोल्या दोघी-दोघींच्या. चौथी कोण, तर बांबूबाई म्हणाली, "आमचीला घेऊ. मरेपर्यंत कव्हरंच घालत बसेल. तिची भीती मोडून आणते." जाऊ येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली. नवी पांढरी टोपी घेऊन आली.

तिकडचा उकाडा वेगळाच. सकाळी सात वाजता चष्म्यावर वाफ धरायची. पहिल्या दिवशी जंगलात चढताना माझ्या पोटरीला जळवा लागल्या. मी तोंड फिरवून उभी राहिले, तर बांबूबाईने नखाने एक उपटली आणि माझ्या डोळ्यांसमोर धरली. "बघ, किती मजेत आहे. तुझ्या नवऱ्यापेक्षा जास्त प्यायलीय." मी हसले. खोटं कशाला बोलू, हसलेच.

दुसऱ्या दिवशी झिपलाइन. पोस्टातली लाकडी मचाणावर चढली, पट्टे बांधून झाले आणि ती तिथेच अडली. खाली झाडांचे शेंडे, मागे रांगेत दहाबारा अनोळखी माणसं. ती दोरी धरून रडायला लागली.

"नवरा गेला तेव्हा टिपूस काढलं नाहीस," बांबूबाई म्हणाली, "आणि आता बरी टिपं गाळतेस!"

आणि ढकललं. पोस्टातलीचा नवरा आदल्याच वर्षी गेला होता. दरीवरून ती ओरडत गेली नाही, गप्पच गेली. मागोमाग पलीकडे पोचून मी तिचे पट्टे सोडवत असताना ती हळूच म्हणाली, "मी खरंच रडले नव्हते का गं?"

"रडली होतीस," मी म्हणाले. ती रडली नव्हती. तो गेल्याच्या तिसऱ्या दिवशी रडली, बँकेच्या कागदांवर सही करताना, पण तेव्हा बघायला मी एकटीच होते.

बांबूबाई मात्र फुलून आली होती. सगळ्यांच्या आधी तयार, सगळ्यांच्या पुढे. जावेला दिवसभर हाका: "मान वर कर! पाय उचल! अगं, हे ग्रंथालय नाही!" जाऊ मान वर करायची, पाय उचलायची. गंमत म्हणजे ती आमच्यापेक्षा बरी चढत होती. कुठेच रडली नाही, कुठेच थांबली नाही. बांबूबाईला ते दिसत नव्हतं.

चौथ्या दिवशी समुद्र. दोन-दोन जणींच्या दोन कयाक. एकीत मी आणि पोस्टातली, दुसरीत दोघी जावा. पुढे आपल्या होडीत वाट दाखवणारा वल्हेवाला एकटा. पन्नाशीचा, शांत माणूस. आमची भाषा त्याला येत नव्हती, सगळं खुणांनी. त्याने प्रत्येकीच्या लाइफ जॅकेटची बक्कल स्वतः ओढून बघितली. तो वळला तशी बांबूबाईने आपलं जॅकेट काढलं आणि बुडाखाली घेऊन बसली. "एकोणतीस वर्षं पाण्यात काढली, आता हा बुजगावण्याचा अंगरखा घालू?"

समोर एक खडकाळ बेटुकलं होतं, तिथपर्यंत जायचं. मधल्या पाण्याला ओढ होती, ती वल्ह्याला जाणवत होती. वल्हेवाला बराच पुढे गेलेला. मधोमध आल्यावर बांबूबाई म्हणाली, "थांबा जरा, अंग ओलं करते," आणि तिने सूर मारला. असा सुरेख सूर की आम्ही वल्ही सोडून टाळ्या वाजवल्या.

ती वर आली ती हसतच. मग तिने खाली बघितलं.

टँकमध्ये कितीही खोल गेलं तरी खाली पांढऱ्या फरश्या असतात आणि मधून एक काळी पट्टी. इथे निळं होतं, त्याखाली गडद निळं आणि त्याखाली काहीच नाही. तिने डोकं बाहेर काढलं तेव्हा तिची कयाक आठ हात लांब गेली होती. ती पोहायला लागली. हात बरोबर, पाय बरोबर, शिकवते तसंच सगळं, आणि कयाक जवळ येईना. मी तिचा चेहरा बघितला. टँकवर असे चेहरे मी शेकड्यांनी बघितले होते, तिचा पहिल्यांदाच.

"वल्हं दे!" ती ओरडली.

जावेने कयाक वळवून जवळ आणली आणि वल्हं पुढे केलं. बांबूबाईचा हात पोचणार तेवढ्यात वल्हं मागे गेलं. मला वाटलं, बिचारीला नीट धरता येत नाही. वल्हं पुन्हा पुढे आलं आणि पुन्हा वीतभर मागे गेलं. तेव्हा मला समजलं. पोस्टातलीलाही समजलं.

तिसऱ्यांदा बांबूबाईने वल्ह्याचा नाद सोडला आणि अंग झोकून कयाकची कड पकडली. तोंडात खारं पाणी, डोळे पांढरे. जावेने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं, डोक्यावरची टोपी सारखी केली, खाली वाकली आणि तिची बोटं सोडवायला लागली. एकेक. आधी करंगळी.

"काय करतेस? अगं, काय करतेस?"

"तुला पोहता येतं ना?" जाऊ म्हणाली. "मग पोह."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ‘तू’. आवाज चढलेला नव्हता. ग्रंथालयात बोलतात तसाच होता.

मी वल्हं उचललं. आमच्यात फार तर पंचवीस हातांचं अंतर होतं. पोस्टातलीने मागून आपलं वल्हं माझ्या वल्ह्यावर आडवं टेकवलं. "राहू दे जरा," म्हणाली. मी झटकून टाकू शकले असते. तिच्या हातात तेवढा जोर नव्हता. मी वल्हं खाली ठेवलं आणि बघत बसले. त्या बघण्यात निव्वळ भीती नव्हती, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बांबूबाई दोनदा पाण्याखाली गेली. पोस्टातली नंतर म्हणायची, सगळं मिळून एखादं मिनिट. मला ते दहा मिनिटांचं वाटलं. शेवटी वल्हेवाल्याने मागे वळून डोकी मोजली असणार. तो आला, तिला कपड्यांना धरून आपल्या होडीवर आडवी ओढली आणि पाठीवर थापट्या मारून पाणी काढलं. मग आमच्याकडे, एकेकीकडे, बघितलं.

"त्यांना पोहता येतं," जाऊ त्याला म्हणाली. "शिकवतात त्या." त्याला काय कळणार? ती आम्हालाच सांगत होती.

किनाऱ्यावर जेवण मांडलेलं होतं. जाऊ पोटभर जेवली, भात दोनदा घेतला. बांबूबाई टॉवेल गुंडाळून सावलीत बसली. पायात गोळा आला, एवढंच म्हणाली. आम्ही माना डोलावल्या. उरलेले तीन दिवस त्या दोघी एकाच खोलीत राहिल्या. "वहिनी, आधी तुम्ही अंघोळ करता की मी करू?" हे मी भिंतीपलीकडून ऐकलं. पुन्हा तुम्ही, पुन्हा वहिनी.

घरी आल्यावर बांबूबाईने बायकांच्या बॅचला तिखटमीठ लावून सांगितलं, "मी मुद्दाम बुडायचं नाटक केलं, ह्यांची धावपळ बघायला." नक्कलही करून दाखवली, माझी, वल्हं शोधतानाची. सगळ्या हसल्या. मीही हसले.

उन्हाळी बॅच सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात एक लहान मुलगी शिडी सोडेना. बांबूबाई वाकली, बोटं सोडवली, ढकललं. सगळं नेहमीसारखं. पोरगी खाली गेली आणि वर आलीच नाही. अशा वेळी उडी टाकायची असते. बांबूबाई काठावर उभी राहिली. हातातला बांबू पुढे करायचंही तिला सुचलं नाही. दुसऱ्या टोकाच्या शिक्षकाने धावत येऊन उडी घेतली. मुलगी वाचली, चार खोकल्यांवर निभावलं. पण तिची आई जाळीबाहेर गप्प उभी राहणाऱ्यांतली नव्हती. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाने बांबूबाईला ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली नाही. "उद्यापासून येऊ नका," म्हणाला. एकोणतीस वर्षांचा निरोप एवढाच. शिट्टी जमा करून घेतली. ती टँकची होती.

आता ती संध्याकाळी माझ्या काउंटरशी येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेते आणि जात नाही. एकदा म्हणाली, "खाली फरशी नव्हती गं." मी बिल करत राहिले. दुसऱ्यांदा आली तेव्हा पुतणी सुट्टीवर आलेली होती.

"तिला विचारलं मी," बांबूबाई म्हणाली. "म्हटलं, लहानपणी टँकवर तुला ढकललं होतं, आठवतं का?"

"मग?"

"म्हणाली, आठवतं. म्हणाली, काकू, आईने समुद्रातलं सगळं सांगितलंय मला. त्याच दिवशी फोन केला होता. आम्ही दोघी खूप हसलो. नंतर मला वाईट वाटलं, पण आधी हसलो." बांबूबाईने काउंटरवरची गोळ्यांची पाकिटं एकावर एक रचली, पुन्हा सारखी केली. "तू काय करत होतीस गं तेव्हा? तुमची कयाक कुठे होती?"

"लांब होतो आम्ही," मी म्हणाले. "ओढ होती पाण्याला."

तिने माझ्याकडे बघितलं. मग रक्तदाबाची गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, ते विचारलं. तिला ते पाठ आहे.

यंदा आम्ही पुन्हा निघालोय, नदीवर, राफ्टिंगला. मी, पोस्टातली आणि जाऊ. जाऊ आता बायकांच्या बॅचला येते, नव्या बाईकडे शिकली, फार सफाईने पोहते. बांबूबाईला विचारायचं की नाही यावर आम्ही बोललोही नाही. सकाळी जावेला घ्यायला रिक्षा त्यांच्या दारात थांबवली. बांबूबाई ओट्यावर उभी होती. जावेने बॅग रिक्षात ठेवली, मागे गेली आणि आपल्या भागाची किल्ली तिच्या हातात दिली.

"वहिनी, दूधवाल्याला आठवडाभर अर्धाच लिटर सांगा," म्हणाली. "आणि वरच्या खोलीचा पंखा तेवढा लावू नका, आवाज करतो."

बांबूबाईने किल्ली घेतली. "लाइफ जॅकेट घाल," ती म्हणाली. जाऊ रिक्षात बसून पदर सावरत होती, तिने ते ऐकलं की नाही कोण जाणे. पोस्टातलीने रिक्षावाल्याला चल म्हटलं.