कॅल्शियम कमी पडलंय

आमच्या तांबड्या गाईचे पुढचे पाय आखडले, तेव्हा येईल तो एकच सांगून गेला, कॅल्शियम कमी पडलंय. शेजारच्या काकी तेच, दूध न्यायला येणारा तेच, कर्जतचा औषधवालाही तेच. डोंबलाचं कॅल्शियम! बाटल्यांवर बाटल्या आल्या, तिच्या घशात ओतल्या, आणि गाय दिवसेंदिवस जास्तच अवघडत गेली.

खायची चांगली, पण अंगी लागत नव्हतं. बरगड्या वर आल्या, पाठीला बाक आला. उठायला लागली की गुडघ्यांवरच अडकून राहायची. पहिल्या वेताची गाय, म्हातारी थोडीच होती? वासरू होती तेव्हापासून माझ्या हाताखाली वाढलेली. तिचे हाल बघून माझं डोकं फिरायचं आणि सगळा राग निघायचा नवऱ्यावर.

हे गावाबाहेरच्या एका फार्महाऊसवर माळीकाम करतात. तिथलं कुंपण छाटलं की निघालेला पाला स्कूटरला बांधून घरी आणायचे. उन्हाळ्यात रानात हिरवी काडी नसते, नुसत्या पेंढ्याला गाय कंटाळते. स्कूटरचा आवाज आला की ती गोठ्यातून हंबरायची, आणि हे कपडेही न बदलता एकेक फांदी तिच्या तोंडाशी धरायचे. मला म्हणायचे, बघ, माझी वाट बघते.

शेवटी मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी पाय चाचपले, रक्त तपासायला नेलं. दुसऱ्या खेपेला आल्या तेव्हा सरळ गव्हाणीपाशी गेल्या आणि उरलेली फांदी उचलून हे काय म्हणून विचारलं.

ह्यांनी कौतुकानं सांगितलं, "दिनका राजा हाय. रातराणीच्या जातीतलाच, पण दिवसा फुलतो. मीच आणतो तिच्यासाठी."

"कॅल्शियम आजपासून बंद करा," बाई म्हणाल्या. "ते कमी नाही, जास्त झालंय. आणि ते ह्या पाल्यानं झालंय."

मग त्यांनी नीट समजावलं. त्या पाल्यात असं काही असतं की जनावराचं अंग कॅल्शियम ओढतच राहतं, आणि ते नसांत, काळजात, पायांच्या शिरांत जाऊन बसतं. चुनाच म्हणा ना. पाला थांबवला तर पुढचं थांबेल, पण बसलेला चुना निघेल असं त्या सांगू शकत नव्हत्या.

मला इतका संताप आला की बोलायची सोय नाही. जग माणसाला चुना लावतं, आमच्या गाईला तो आतून लागला, आणि वरून आम्ही बाटल्या पाजत होतो! फार्महाऊसच्या मालकाला जाऊन सांगितलं, तर तो म्हणाला नर्सरीतून आणलेलं झाड आहे, विषारी कसं असेल? वास किती छान येतो. कुंपण अजून तसंच आहे. हे छाटलेला पाला तिथंच खड्डा करून पुरतात.

डॉक्टरीणबाई सांगून गेल्या त्या संध्याकाळी ह्यांनाही चार शब्द सुनवायचे म्हणून मी गोठ्यात गेले. हे गाईजवळ बसले होते. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "मीच भरवलं गं तिला, माझ्या हातानं." मी तिथंच खाली बसले आणि तिचे पाय चोळायला लागले.

गाय आहे अजून. बसते ती बसूनच असते. पण स्कूटरचा आवाज आला की मान वर करते आणि गुडघे खरवडत उठायला बघते. म्हणून हे आता वळणावरच गाडी बंद करतात आणि घरापर्यंत ढकलत आणतात.