चाळीस पोफळींची डिग्री

नलूताईंवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, गौरी-गणपती उरकल्यावरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी दहाला दवाखान्याचं शटर वर गेल्यावर पाच मिनिटांत. वेळ मुद्दाम लिहिते आहे. असल्या गोष्टी आपल्याकडे 'मध्यंतरी कधीतरी' होतात आणि मग कुणालाच काही विचारता येत नाही.

आमच्या श्रीवर्धनकडच्या त्या दवाखान्यात त्या बावीस वर्षं होत्या. मोठे डॉक्टर होते तेव्हा ड्रेसिंग, सुई, रक्त काढणं, पेशंटला धीर देणं, सगळं नलूताईंकडे. मी सहा वर्षांची असताना पायात शिंपला घुसला होता. त्यांनी विचारलं, "सकाळी काय खाल्लंस गं, बाय?" मी घावणे म्हणेपर्यंत शिंपला बाहेर आला होता. सुई देतानाही त्यांचा हाच प्रश्न. गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांना आपली न्याहारी सांगितलेली आहे.

त्यांची दुसरी सवय जास्त कामाची. मुलीला नर्सिंगला घालू की लॅबच्या कोर्सला, असं विचारायला आईबाप माहितीपत्रक घेऊन त्यांच्याकडे यायचे. त्या ते पालथं घालून विचारायच्या, "किती पोफळी?" म्हणजे एका सुपारीच्या झाडाचं वर्षाचं उत्पन्न धरायचं आणि फी झाडांत मोजायची. वर एसटीचा पास, डबा, पांढरा कोट, परीक्षेचे वेगळे पैसे. मग पगार विचारायच्या आणि तेवढी झाडं किती वर्षांत परत उभी राहतात ते सांगायच्या. "फी सांगणारा निम्मंच सांगतो," असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. म्हसळ्याच्या एका रिक्षावाल्याला त्यांनी सरळ सुनावलं होतं, "पोरीला शिकव. पण हितं नको. ह्या पोफळी पोरगी म्हातारी झाली तरी उभ्या राहायच्या न्हाईत."

मोठे डॉक्टर गेले, मुलगा बसायला लागला. त्याने नवी काच बसवली, नवं यंत्र आणलं आणि नलूताईंना म्हणाला, वैद्यकीय सहायकाची डिग्री आणा, पगार दीडपट करतो. तोंडी म्हणाला.

नलूताईंनी हिशेब केला. आईकडून आलेली चाळीस पोफळींची वाडी पाच वर्षांसाठी व्यापाऱ्याला खंडाने दिली, पैसे आगाऊ घेतले आणि माणगावच्या एका संस्थेत भरले. वाढलेल्या पगारातून पाच वर्षांत सगळं वसूल, पुढे वाडी आणि पगार दोन्ही आपलं. गणितात चूक नव्हती. शेहेचाळिसाव्या वर्षी त्या आठवड्यातून चार दिवस एसटीने जायच्या. वर्गातल्या अठरा वर्षांच्या पोरी त्यांना काकू म्हणायच्या, आणि शीर कशी शोधायची ते शिकवायला मास्तरीण काकूंनाच पुढे बोलवायची. फी मात्र काकूंनीच भरली.

त्या सोमवारी त्या प्रमाणपत्र आणि पेढे घेऊन गेल्या. डॉक्टरने फोनवर मान्यता असलेल्या संस्थांची यादी पाहिली. संस्थेची नोंदणीच नव्हती. या कागदाचा उपयोग नाही, शिवाय नोंदणी असलेली मुलगी उद्यापासून येते आहे, तेव्हा आता तुम्ही आराम करा, असं तो म्हणाला. बोलता बोलता त्याने एक पेढा खाल्ला.

मी संस्थेत जाऊन भांडले. तिथला माणूस शांत होता. आमच्या पत्रकात नोंदणीचा शब्द कुठे आहे ते दाखवा, म्हणाला. लोकांना सावध करणारी पत्रकं लिहिणं हे माझंच काम. ओळ न् ओळ वाचली. नव्हता.

आल्यावर मी रागाने नलूताईंनाच विचारलं, गावाला अक्कल शिकवणाऱ्या तुम्ही, कागद कसा नाही मागितला? त्या म्हणाल्या,

"वाडीत व्यापारी येतो, खालून वर बघतो, आकडा सांगतो. आपण व्हय म्हणतो. कागद कोण करतो, बाय? मी तिथंही खालून वर बघितलं. तीन मजले, पांढरे कोट, भिंतीवर हाडांचं चित्र. पीक चांगलं वाटलं."

या हिवाळ्यात त्यांच्यावरच्या पत्रकाचा मसुदा दाखवायला गेले, तेव्हा त्या व्यापाऱ्याच्या पडवीत असोली, सालासकटची सुपारी सोलत होत्या. किलोमागे मजुरी. ढीग त्यांच्याच वाडीतला होता. शेजारची बाई थट्टेने म्हणाली, "डिग्रीवाली सोलते म्हणून साल पातळ निघते." नलूताई हसल्या, हात पुसले आणि मसुदा वाचला. 'बिचाऱ्या नलूताई' मधला पहिला शब्द त्यांनी माझ्याच पेनाने खोडला.

"माझं रडगाणं नको छापूस. कागद मागा, येवढं छाप."

मी दमले आहे. अशा तीन बायकांची पत्रकं माझ्या पिशवीत आहेत. म्हणून विनंती करत नाही, सांगते आहे. मुलीची फी भरायला निघालात ना? खिशात हात घालण्याआधी संस्थेकडून नोंदणीचा क्रमांक लेखी घ्या आणि तो नोंदणी करणाऱ्या परिषदेकडे स्वतः तपासा. पगार वाढवतो म्हणणाऱ्या डॉक्टरकडूनही तेच वाक्य सहीनिशी घ्या. देत नसतील तर उठा आणि घरी या. पोफळी उभ्या राहतील.