भावोजींच्या रबरी रिंगा

आमचे भावोजी स्वतःच्या घरात चवड्यांवर चालायचे. पायाला काही झालं नव्हतं, चांगला धट्टाकट्टा माणूस. पण कोपऱ्यात त्यांचा अँप्लिफायर तापत असायचा, आणि टाच टेकली तर म्हणे त्याच्या व्हॉल्व्हना हादरा बसायचा. कांजूरमार्गला, तिसऱ्या मजल्यावर, दीड खोलीत हा तमाशा. पाहुणा दारात आला की पाणी विचारायच्या आधी बोट वर करून म्हणायचे, "हळू. कंप नको." गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मला ते जमणार नाही.

व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्या. मी मरोळला अँप्लिफायर दुरुस्त करतो, म्हणून या वेडाचं बी माझ्याच हातून पडलं. त्यांनी सेट आणला त्या दिवशी, शहाणपणा दाखवायला, मी एका व्हॉल्व्हवर पेन्सिलीनं टिचकी मारली. स्पीकरमधून 'टण्ण' आवाज आला. "बघा भावोजी, काचेला धक्का लागला की तो गाण्यात उतरतो." खोटं नव्हतं ते. पण एवढा धक्का बसायला कुणीतरी पेन्सिल घेऊन उभं राहावं लागतं, हेही मी सांगितलं होतं. ते त्यांनी ऐकलंच नाही.

मग रिंगा सुरू झाल्या. व्हॉल्व्हच्या गळ्यात रबराची रिंग घातली की थरथर थांबते, असं कुठंतरी वाचलं. पहिल्या रिंगा कुकरच्या जुन्या गास्केटमधून कापल्या. व्हॉल्व्ह तापला, रबर वितळलं, मजलाभर जळका वास. शेजारीण घाबरून धावत आली, आणि हे महाशय डोळे मिटून म्हणतायत, "आवाज बघ कसा मोकळा झालाय!" नंतर ताप सोसणाऱ्या परदेशी लाल रिंगा आल्या. एकेका व्हॉल्व्हला दोन-दोन.

आणि गाणं? ते कोण ऐकतंय! रेकॉर्डवरचा सुरुवातीचा तानपुरा ऐकायचे, गायिकेनं तोंड उघडलं की सुई उचलायचे, रिंग केसभर वर सरकवायचे, पुन्हा तानपुरा. आमची आई म्हणायची, "सोस इतको, पण एक गाणा पुरा ऐकणा नाय." अहो, तारेलाच कंप नसेल तर तानपुरा वाजणार कशानं?

हसून सोडून दिलं असतं मी. पण ताईचं शिलाई मशीन त्याच भिंतीला होतं. लग्नाआधीपासूनचं, पायाचं. बिल्डिंगमधल्या बायका ब्लाउज तिच्याकडूनच शिवून घ्यायच्या, दुपारभर गप्पा चालायच्या. भावोजींनी निकाल दिला, "मशीनचा कंप जमिनीतून येतो." खाली रस्त्यावरून डंपिंग ग्राउंडवर जाणारे कचऱ्याचे डंपर जायचे तेव्हा अख्खी बिल्डिंग हलायची. त्यांना अडवायची टाप नव्हती, ताईला होती. मशीन जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेलं. वर चढवायला हात मीच लावला. बायका यायच्या बंद झाल्या. तसा माणूस दारू पिणारा नव्हता, हात उचलणारा नव्हता. आवाजही कधी चढवला नाही, चढवला तर कंप व्हायचा ना!

एका रविवारी ते आंघोळीला गेले असताना मी सगळ्या रिंगा काढून खिशात घातल्या. बाहेर येऊन त्यांनी तानपुरा लावला, डोळे मिटले. "ऐकलंस? पडदा उठला रे! रिंगांची कमाल." कमाल माझ्या खिशात! बोलायला तोंड उघडलं होतं. पण म्हटलं, जावईमाणूस आहे, ताईचा संसार आहे, उगाच कशाला. ते चहाला उठले तशा रिंगा परत चढवल्या. मरोळला मात्र हा किस्सा रंगवून सांगितला. लोक पोट धरून हसले.

भावोजी गेल्या वर्षी गेले. महिन्याभरानं ताईचा फोन आला, "मशीन उतरवायला ये." अकरा वर्षांची धूळ पुसली, तेल घातलं. बॉबिनवर दोरा भरायच्या छोट्या चाकावरची रबरी रिंग कुजून हातातच तुटली. "घाटकोपरहून नवी आणतो," मी म्हटलं. ताई अँप्लिफायरकडे गेली, एका व्हॉल्व्हच्या गळ्यातली लाल रिंग ओढून काढली, दुहेरी करून चाकावर चढवली. घट्ट बसली. बॉबिन झकास भरायला लागली.

मला हसू आलं. मी तिला त्या रविवारचा किस्सा सांगायला घेतला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "ओट्यापाशीच होते मी. तुला रिंगा काढताना बघितलं. म्हटलं, आता हा खिशात हात घालेल, त्यांना दाखवेल, आणि संध्याकाळपर्यंत माझं मशीन खाली येईल. कणीक तशीच ठेवून बघत उभी होते रे."

इतकी वर्षं मी भावोजींनाच हसत होतो.

ताईनं सुईत दोरा ओवायला घेतला. "सरक जरा," ती म्हणाली, "उजेडात उभा आहेस."