भिंतीआधीची चौकट

आमच्या घराला भिंतीच्या आधी चौकट बसली. हे सांगितलं की लोक हसतात, आणि गोष्ट आहेही हसण्यासारखीच. पण त्या चौकटीपायी माझ्या ताईचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही, आणि उरलीसुरली कसर मी माझ्या हाताने भरून काढली. म्हणून मला अजून त्याचं हसू येत नाही.

मी तेव्हा सहावीत होते. महाराष्ट्र नवा होता. शाळेतल्या जुन्या नकाशावर मास्तरांनी त्याची हद्द लाल शाईने ओढून घेतली होती. आमचं गाव चिखलीपासून अडीच कोसांवर. विहिरीखालचा लहानसा मळा, त्यात वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि बाजाराच्या दिवशी भाजीची बैलगाडी चिखलीला. घर धाब्याचं होतं, म्हणजे लाकडी सऱ्यांवर काड्या आणि काड्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात त्याच्यासारखं थंड घर नाही, पण सरे जुने झाले होते आणि जेवताना ताटात माती पडायची. आम्ही ताटावर हात धरून जेवायला शिकलो होतो.

दिवाळीला ताई आली तेव्हा तिला तिसरा महिना होता. सासर सुलतानपूरकडे, तिथून एसटीने मेहकरवरून यायला दिवस मोडायचा. मायने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "अखाजीच्या आगंमागं." म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे आमच्याकडे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. सातव्या महिन्यात मुलीला आणायचं, तिचं सगळं हौसेनं करायचं आणि सव्वा महिन्यानंतर बाळासकट पाठवायचं. मायच्या डोक्यात त्या दिवसापासून दुसरा विषय नव्हता. मळ्याच्या बांधावरच्या बाभळींचा डिंक ती येता-जाता खरवडून आणू लागली. जुनी लुगडी धुऊन मऊ करून ठेवली. शेकायला लागतील म्हणून गोवऱ्यांची वेगळी रास रचली आणि तिला कुणी हात लावला तर ती अंगावर यायची.

बाबांनी मात्र वर पाहिलं. पुढच्या खोलीचा मधला सरा वाकला होता. म्हणाले, "माही पोरगी या धाब्याखाली बाळंत होणार नाही. टिनं टाकू." गवंड्याला बोलावलं. त्याने खोलीत दोन चकरा मारल्या, भिंतीवर टिचकी मारून पाहिली आणि दोन महिन्यांचं काम आहे म्हणून सांगितलं. संक्रांतीनंतर धरलं तर होळीच्या आत छप्पर. हिशेब चोख होता. फक्त तो गवंड्याच्या तोंडचा होता, एवढंच आमच्या लक्षात आलं नाही.

संक्रांत झाली आणि पुढच्या खोलीचं धाबं उतरवलं. पुढची मातीची भिंत पाडली. मागची खोली दाण्यांच्या कणग्यांनी आणि भांड्यांनी भरून गेली आणि आम्ही माणसं अंगणापलीकडच्या गोठ्यात गेलो. मायने तुराट्यांचा कूड उभा करून गोठ्याचे दोन भाग केले. एकीकडे बैलजोडी आणि गाय, दुसरीकडे आम्ही. मला हे सगळं फार आवडलं, हेही कबूल करायला हवं. कुडातून बैलांचा रवंथ ऐकू यायचा आणि मी मैत्रिणींना आमचं बिऱ्हाड दाखवायला आणायची.

मग चौकटीचा घोळ झाला. घराची चौकट मुहूर्तावर बसते. जोशीबुवांनी पंचांग पाहून माघातला एक दिवस काढला आणि त्यानंतरचा दिवस थेट वैशाखात असल्याचं सांगितलं. वैशाख म्हणजे अखाजी, म्हणजे ताईचे दिवस भरलेले. बाबा घाबरून गेले. गवंडी तेव्हा दुसऱ्या गावी कुणाच्या तरी कामावर होता, त्याला निरोप पोचला नाही, आणि नव्या भिंतीचा अजून पायाही खणलेला नव्हता. तरी बाबांनी सुताराला हाताशी धरून त्या दिवशी चौकट उभी केलीच. तिच्या पायाखाली हळकुंड, सुपारी आणि तांब्याचा पैसा घातला, आंब्याचं तोरण बांधलं, मायने हळदीकुंकू लावून नारळ फोडला. चौकटीला दोन्ही बाजूंनी बाभळीचे टेकू दिले, आणि ती मोकळ्या जागेत एकटी उभी राहिली.

आजूबाजूला सगळं उघडं असूनही माय आम्हाला चौकटीतूनच जायला लावायची. एकदा मी घाईत बाजूने गेले तर पाठीत धपाटा बसला. "चौकट असताना भुतासारखी बाजूनं काऊन जातं?" गाय, कोंबड्या आणि शेजारी मात्र सरळ बाजूने जायचे आणि शेजारी जाता-जाता हसायचे.

तीन दिवसांनी गवंडी आला. त्याने दोरी ताणली, एक डोळा मिटून पाहिलं आणि दोरी खाली ठेवली. चौकट ओळीच्या दीड वीत बाहेर होती. जुनी मातीची भिंत चांगली दोन हात जाड होती. बाबांनी चौकट तिच्या बाहेरच्या काठावर बसवली होती आणि नवी विटांची भिंत आतल्या बाजूने यायची होती.

"भाऊ, चौकट काढा. दोन घंट्याचं काम आहे," गवंडी म्हणाला.

"पूजा झालेली चौकट काढू?" बाबा म्हणाले. "पोरगी पोटुशी आहे माही."

"मंग भिंत चौकटीकडं न्या लागते."

"ने."

आमच्या घरात ज्या शब्दाने सगळ्यांचं नशीब फिरवलं तो एवढाच होता. भिंत दीड वीत पुढे आली म्हणून दोन्ही बाजूच्या भिंती दीड वीत वाढवाव्या लागल्या. त्यांना विटा कमी पडल्या. जुन्या मापाने कापून आणलेले वासे दीड वीत तोकडे झाले, ते पुन्हा आणायचे झाले. आणि या प्रत्येक गोष्टीची वाट पाहताना गवंडी कुठेतरी दुसरं काम धरायचा. "हाव ना भाऊ, सोमवारी येऊनच राह्यलो," म्हणायचा. कोणत्या सोमवारी ते त्याने कधी सांगितलं नाही. बाबा त्याला शोधायला जायचे तर मळ्यातली वांगी जून व्हायची, आणि वांगी तोडायला थांबले तर गवंडी हातचा जायचा. छपराची टिनं मात्र वेळेवर आली. अंगणात त्यांची थप्पी पडून होती आणि माय तिच्यावर मिरच्या वाळवायची.

बाबांना सही करता येई, त्यापलीकडे लिहिण्याची सवय नव्हती. सासरी जाणारी कार्डं मी लिहायची आणि आलेली मीच वाचून दाखवायची. अक्षर चांगलं म्हणून मला त्याचा तोरा होता. माघाच्या मध्यावर ताईला सातवा लागला आणि फाल्गुनात तिकडून विचारणा आली, कधी नेता. बाबांनी सांगितलं ते मी लिहिलं: छप्पर होताच न्यावयास येतो. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच लिहिलं. मायने एकदा हळूच सुचवलं, की गोठा सारवून, चुना देऊन, गुरं मळ्यात नेऊन बांधली तर काय होतं, माय म्हणून मी आहे, सुईण गावात आहे. बाबा ताडकन उठले. "माह्या पोरीनं गोठ्यात बाळंत व्हावं? तिच्या सासरचे थुंकतीन माह्या तोंडावर." माय गप्प बसली. ती पुढेही बोलली नाही, याचा मला पुढे फार राग यायचा. आता येत नाही. एकदा बोलून पाहायलाही तिला किती बळ लागलं असेल ते मला नंतर कळलं.

तिसरं कार्ड लिहून झाल्यावर खाली बोटभर जागा उरली. बाबा मळ्यात गेले होते. मला ताईची फार आठवण येत होती आणि कार्डावर तिच्यासाठी एक अक्षरही नव्हतं. मी बारीक अक्षरात लिहिलं: "ताई, आम्ही सगळे आता गोठ्यात राहतो. बैलांजवळ झोपायला मजा येते. तू पण ये." आणि कार्ड पेटीत टाकून आले. ताईला वाचता येत नव्हतं. तिची कार्डं तिचे सासरे ओसरीवर बसून मोठ्याने वाचायचे. हे मला माहीत होतं, पण लिहिताना ते मनातही आलं नाही.

आठ दिवसांनी उत्तर आलं. बाबा चौकटीच्या टेकूला दोर आवळत होते, माय डिंक निवडत होती. मी उभ्या-उभ्या वाचायला लागले. "आपले घरकाम सावकाश चालू द्यावे. सूनबाईचे सर्व येथेच करू. काळजी नसावी." त्याच्या पुढची ओळ होती, "आमच्या घरचे मूल गुरांच्या गोठ्यात जन्मास यावे हे आम्हांस रुचत नाही." मी तिच्यावर आले, आणि ती गाळून थेट "कळावे, लोभ असावा" म्हटलं.

"संपलं?" बाबांनी विचारलं.

"संपलं," मी म्हटलं.

मायने निवडलेला डिंक आणि कचरा एकत्र केला आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतला.

दुसऱ्या दिवशी बाबा धुतलेलं धोतर नेसून पहिल्या गाडीने गेले. ताईला घेऊनच येणार म्हणून मायने माझ्याकडून गोठा दोनदा झाडून घेतला. तिसऱ्या दिवशी ते एकटेच उतरले. "आठवा लागला. आठव्यात हलवत नाहीत," एवढंच बोलले आणि पागोटं काढून टिनांच्या थप्पीवर बसले. टिनं तापलेली होती, तरी बसून राहिले. मी पाण्याचा तांब्या नेऊन दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाणी प्यायले. रागावले नाहीत. पुढचं कार्ड मात्र त्यांनी शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेतलं, आणि त्यापुढची सगळी. तेव्हा मला कळलं की त्यांना कळलंय. ते मारतील याची मी वाट पाहत होते. त्यांनी मारलं असतं तर फार बरं झालं असतं.

अखाजीच्या चार दिवस आधी ताईला मुलगी झाली. निरोप आला तेव्हा भिंत खांद्याएवढी होती. मायने गोठ्यातच डिंकाचे लाडू वळले, डब्यात भरले, आणि बाबा डबा आणि लुगड्यांचं गाठोडं घेऊन सुलतानपूरकडे गेले. गोवऱ्यांची रास मायने चुलीला वापरायला काढली. ज्येष्ठात छप्पर झालं. गवंडी शेवटच्या दिवशी वर बघून म्हणाला, "भाऊ, खोली मोठी झाली बरं, दीड वीत." बाबांनी त्याला नारळ दिला. खोली खरंच छान झाली होती. तिला सगळे बाळंतिणीची खोली म्हणत, आणि तिच्यात सरकीची पोती ठेवत.

ताईच्या पुढच्या दोन खेपांना बाबा स्वतः बोलवायला गेले. ती आली नाही. पहिलंच माहेरी करायचं असतं, असं तिच्या सासूने सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. सणावारी ताई यायची, हसायची, मायच्या हाताखाली काम करायची, पण झोपायला मागच्या खोलीत जायची. मी तिच्याशी सगळं बोलायची, ते कार्ड सोडून.

दहा-अकरा वर्षांनी माझं पहिलं बाळंतपण त्या खोलीत झालं. सरकीची पोती हलवली, भिंतींना चुना दिला, बाज टाकली. ताई पंधरा दिवसांसाठी मदतीला आली. बाळाला न्हाऊ-माखू घालायची, मला शेक द्यायची, आणि काम झालं की उंबऱ्यावर बसायची. आत अशी ती बसायचीच नाही. पाचव्या का सहाव्या दिवशी, दुपारी, बाळ झोपलं होतं. तिने शेकाची शेगडी बाजेखाली सरकवली आणि उभी राहून टिनांकडे पाहत राहिली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ताई, त्या कार्डावर मी लिहिलं होतं..."

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "मामंजींनी तीनदा वाचून दाखवलं, सगळ्याइले ऐकू जाईन असं."

मी रडायला लागले. बाळंतिणीने रडू नये म्हणून तिने पदराने माझं तोंड पुसलं, जरा रागानेच.

"मले गोठाबी चालला असता वं," ती म्हणाली. "मी रोज वाट पाहून राह्यली होती, कोणी येऊन फक्त चाल म्हणंन म्हणून. बाबा आले, अन् खाली मान घालून बसले. मामंजी जे म्हणतीन त्याले हाव हाव म्हणत. माह्याकडं पाह्यलं बी नाही." मग म्हणाली, "सरक थोडीशी."

मी सरकले. ती माझ्या शेजारी बाजेवर आडवी झाली, भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन. मला वाटलं जरा पाठ टेकते आहे. पण तिला गाढ झोप लागली, आणि मी उन्हं कलेपर्यंत हललेही नाही.

माय माझी हळिवाची खीर घेऊन दारात आली. आम्हा दोघींना पाहून चौकटीला हात लावून थांबली. मग परत गेली. मला वाटलं, ताईला जाग येऊ नये म्हणून गेली. पुन्हा आली तेव्हा तिच्या दोन हातांत दोन वाट्या होत्या. ताई भांड्याच्या आवाजाने उठून बसली, पदर सावरला आणि म्हणाली, "मले कायले?"

"घे," माय म्हणाली. "तुहं राह्यलं होतं."

ताईने वाटी घेतली. माय खाली जमिनीवर बसली आणि तिचं खाऊन होईपर्यंत तिथून उठली नाही.